न मावणारी ओळ

यंत्रांच्या सुट्या भागांच्या साठ्याचा मासिक अहवाल माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्यासोबत एकच सूचना होती : आकडे बरोबर आहेत, फक्त मांडणी नीट करून द्या. प्रोग्रॅम पर्ल भाषेत लिहिलेला होता. अहवाल रुंद कागदावर छापला जाई, भांडारापासून लेखा विभागापर्यंत चार-पाच जण तो वाचत आणि त्या प्रत्येकाच्या प्रतीवर पट्टीने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या रेघांचे कारण मला थोड्या वेळाने कळले. जिथे भागाचे वर्णन लांब होते, तिथे त्यापुढचे सगळे आकडे उजवीकडे सरकले होते आणि कोणता आकडा नगांचा व कोणता दराचा हे ठरवण्यासाठी वाचणाऱ्यांना रेघ ओढून पाहावे लागत होते.

दोष शोधायला अवघड नव्हता. प्रत्येक ओळ प्रिंटएफ या फंक्शनने छापली होती आणि वर्णनासाठी ३० अक्षरांची रुंदी दिली होती. प्रिंटएफमधली रुंदी ही किमान रुंदी असते; मजकूर कमी पडला तर उरलेल्या जागा ती भरून काढते, पण मजकूर जास्त झाला तर तो कापत नाही, जसाच्या तसा पुढे जाऊ देते. कापायचा असेल तर टिंब देऊन कमाल लांबी वेगळी सांगावी लागते. मी ती सांगितली, रकाने सरळ रेषेत आले आणि काम संपले असे समजून मी अहवाल पाठवून दिला. दुसऱ्याच दिवशी भांडारातून विचारणा झाली की एकाच नावाचे चार वेगवेगळे भाग कसे काय दिसत आहेत. त्या वर्णनांची सुरुवात सारखी होती. मापे, म्हणजे ज्यांवरून एक भाग दुसऱ्यापासून ओळखायचा तीच माहिती, शेवटी होती आणि मी नेमकी तीच छाटून टाकली होती. आधीचा अहवाल वाकडातिकडा होता, तरी त्यात सगळे काही होते.

मग मी संगणकापासून उठले आणि चौकटींचा कागद घेऊन बसले. रुंद कागदावरच्या लाइन प्रिंटरांची ओळ बहुधा १३२ अक्षरांची असे आणि त्या काळातले प्रोग्रॅमर ‘प्रिंटर स्पेसिंग चार्ट’ नावाच्या छापील तक्त्यावर, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे, अहवाल आधी हाताने काढत असत. ही पद्धत मला पूर्वी कालबाह्य वाटत असे. प्रत्यक्षात त्या दुपारी तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी सापडली नसती, कारण १३२ चौकटी ही ठरलेली शिल्लक असते आणि एका रकान्याला दिलेली प्रत्येक चौकट दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यातून काढावी लागते. शेवटी माझा हिशोब असा जमला : भागाच्या क्रमांकाला १०, वर्णनाला ४०, जागेला ८, नगांना १०, दराला १२, रकमेला १४ आणि शेऱ्याला २६, असे १२०, शिवाय सात रकान्यांमधल्या सहा फटी प्रत्येकी दोन चौकटींच्या, म्हणजे १२. हे आकडे अंदाजाने घातलेले नव्हते. मागच्या काही महिन्यांचा डेटा चाळून प्रत्येक रकान्यातली सर्वांत लांब नोंद मी काढली होती, आणि त्यातूनच हेही दिसले होते की वर्णनाचा रकाना कितीही वाढवला तरी काही नोंदी त्यात मावणारच नाहीत. म्हणजे प्रश्न रुंदीचा उरला नव्हता. न मावणाऱ्या मजकुराचे काय करायचे, हा होता.

पर्लमध्ये या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या पोटातच आहे, आणि मी इतकी वर्षे ही भाषा वापरूनही तिकडे वळले नव्हते. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल प्रथम प्रसिद्ध केली, आणि तिच्या नावाची जी फोड सांगितली जाते, ‘प्रॅक्टिकल एक्स्ट्रॅक्शन अँड रिपोर्ट लँग्वेज’, तिच्यात ‘रिपोर्ट’ हा शब्द उघडच आहे. त्यासाठी भाषेत ‘फॉरमॅट’ नावाची सोय आहे. फॉरमॅट म्हणजे ओळीचे चित्रच : कागदावर जसे दिसायला हवे तसे प्रोग्रॅममध्ये काढायचे, त्याच्या खालच्या ओळीत कोणत्या चलांतून, म्हणजे माहिती ठेवणाऱ्या नावांतून, ती घ्यायची ते लिहायचे आणि शेवटी पहिल्याच स्तंभात एकटे टिंब देऊन चित्र संपवायचे. @ या चिन्हाने फील्ड, म्हणजे माहिती भरायची जागा, सुरू होते. त्यापुढे < आल्यास मजकूर डावीकडे, > आल्यास उजवीकडे आणि | आल्यास मध्यभागी बसतो, तर # आल्यास ते संख्येचे फील्ड होते. रुंदी मोजताना @ हे चिन्हही धरायचे, हे न समजल्यामुळे माझे पहिले सगळे रकाने एकेका अक्षराने जास्त रुंद झाले होते. शिवाय नुसते एकटे @ हेसुद्धा एका अक्षराचे फील्डच असते, त्यामुळे शीर्षकाच्या मजकुरात ते चिन्ह सहज म्हणून लिहिता येत नाही.

लांब वर्णनासाठी मला हवे होते ते ^ हे चिन्ह. ^ ने सुरू होणारे फील्ड मजकुरातून जेवढे शब्द मावतील तेवढे घेते आणि उरलेला मजकूर पुढच्या ओळीसाठी ठेवते. ओळीत कुठेही ~~ लिहिले, तर मजकूर संपेपर्यंत ती ओळ पुन्हापुन्हा छापली जाते, आणि एकच ~ लिहिले, तर फील्ड रिकामी असताना ती ओळ गाळली जाते. ही चिन्हे स्वतः छापली जात नाहीत, त्यांच्या जागी मोकळी जागा येते. मी उत्साहाने ~~ हे चिन्ह मुख्य ओळीवरच टाकले. प्रोग्रॅम ‘रनअवे फॉरमॅट’ अशी तक्रार करून थांबला. वर्णन संपले तरी त्याच ओळीतले क्रमांक, नग आणि रक्कम @ च्या फील्डांत असल्यामुळे ती कधीच रिकामी होत नव्हती. एकाच वेळी २०० ओळी तयार झाल्या आणि २०० वी ओळ १९९ व्या ओळीसारखीच निघाली, की पर्ल हे ओळखते आणि थांबते. ज्याने कोणी ही मर्यादा घालून ठेवली त्याच्यावर हा प्रसंग आधी गुदरला असणार. मुख्य ओळ एकदाच आणि पुढच्या ओळीत फक्त वर्णन, असे केल्यावर चित्र बसले. संक्षेपाने ते असे दिसते :

@<<<<<<<<<  ^<<<<<<<<<<<<<<<<<<<  @#######  @#######.##
~~          ^<<<<<<<<<<<<<<<<<<<

प्रोग्रॅम वाचताना अहवाल कसा दिसणार हे डोळ्यांना थेट कळते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. प्रिंटएफच्या टक्केवारीच्या चिन्हांकडे पाहून ते कळत नाही.

यानंतर जे अडथळे आले त्यांपैकी काही निव्वळ भाषेच्या घडणीचे होते. लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत ‘माय’ या शब्दाने घोषित केलेली चले बाहेर लिहिलेल्या फॉरमॅटला दिसत नाहीत, जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘स्ट्रिक्ट’ची, म्हणजे घोषित न केलेले चल वापरले तर अडवण्याची, शिस्त नव्हती, त्यामुळे चूक दाखवली न जाता अहवालात कोरे रकाने आले. फॉरमॅट बदलण्यासाठी असलेले $~ हे चल त्या क्षणी निवडलेल्या फाइलीपुरतेच लागू असते, त्यामुळे आधी फाइल निवडायची आणि मग फॉरमॅट, हा क्रम चुकला की उपबेरजेच्या जागी साधी ओळ छापली जाते. मजकूर कुठे तोडावा हे ठरवणाऱ्या $: या चलात मोकळी जागा, नवी ओळ आणि संयोगचिन्ह हे तिन्ही आधीपासून असतात, आमच्या वर्णनांत इतर भागांचे क्रमांक संयोगचिन्हांसह येत, आणि ते मधोमध तुटून दोन ओळींवर जाऊ लागले, म्हणून मी त्यातून संयोगचिन्ह काढून टाकले. हे सगळे एकेका तासाचे त्रास होते.

संख्यांच्या फील्डाने मात्र मला बराच वेळ विचारात पाडले. @#### असे फील्ड असेल आणि संख्या त्यात मावली नाही, तर पर्ल ती कापत नाही; सगळे फील्ड # या चिन्हांनी भरून टाकते. मजकूर न मावला तर गुपचूप कापायचा, पण संख्या न मावली तर आरडाओरडा करायचा, हा भेद मला फार समंजस वाटला. कापलेले वर्णन पाहून वाचणारा निदान अंदाज तरी करतो. कापलेली संख्या ही वेगळी, स्वतंत्र आणि पूर्ण दिसणारी संख्या असते. मला हे इतके पटले होते, तरीही मी लगेच तो बचाव स्वतःच्या हाताने काढून टाकला. लेखा विभागाला रकमांमध्ये स्वल्पविराम हवे होते आणि # चे फील्ड स्वल्पविराम देत नाही. म्हणून मी संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडून मजकूर बनवणारे फंक्शन लिहिले आणि तो मजकूर @>>>> या उजव्या फील्डात ठेवला. आता ती संख्या राहिली नव्हती, मजकूर झाली होती, आणि तिला मजकुराचाच नियम लागू झाला.

तपशिलाच्या पानांवर रकमेला १४ चौकटी असल्याने काही बिघडले नाही. शेवटच्या सारांशपानावर मात्र रकाने अरुंद होते. तिथे मी ९९,९९९.९९ एवढी रक्कम धरून ९ चौकटी दिल्या होत्या. एका गटाची बेरीज १,२३४,५६७.८९ निघाली आणि छापली गेली ती १,२३४,५६७ अशी, कारण उजवीकडे जुळवलेले फील्डसुद्धा मजकुराची शेपटीच कापते. दशांश भाग गेला एवढेच झाले, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढच्या ओळीत १२,३४५,६७८.९० ही रक्कम १२,३४५,६७ अशी आली. स्वल्पविरामानंतर दोनच अंक आहेत हे लेखा विभागातल्या एका सहकाऱ्याच्या नजरेस पडले नसते, तर मूळच्या एक दशांशाएवढी रक्कम निमूटपणे पुढच्या टेबलावर गेली असती. त्या दिवसापासून गट पाडणारे फंक्शन फील्डाची रुंदीही विचारते आणि मजकूर तिच्यात मावत नसेल, तर तेवढी # चिन्हे परत देते. पर्लने जे फुकट दिले होते ते मी हाताने परत बांधले. गट पाडण्याचे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवल्याचा आणखी एक फायदा असा, की अंकांचे गट कसे पाडायचे ही पद्धत सगळीकडे एकसारखी नसते आणि बदलायची वेळ आली तर ती एकाच ठिकाणी बदलते.

शून्य आणि रिक्त यांतला फरकही याच सुमारास समोर आला. @### ला मूल्य नसलेले चल दिले तर ते ० छापते. ^### दिले तर जागा कोरी सोडते. साठ्याच्या अहवालात ० म्हणजे भाग संपला आहे, आणि कोरी जागा म्हणजे तो या महिन्यात मोजलाच नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन्हींना ० छापले जात होते आणि त्यावरून भाग मागवलेही जात होते. एका चिन्हाच्या बदलाने इतका अर्थ बदलल्याचे उदाहरण माझ्याजवळ दुसरे नाही.

पूर्णांकनाविषयी थोडक्यात सांगते, कारण तो मांडणीचा विषय वाटत नसला तरी अहवाल वाचणारा बेरीज तपासतो ती छापलेल्या आकड्यांचीच. २.६७५ ही संख्या दोन दशांशांपर्यंत छापायला सांगितली तर २.६७ येते, कारण द्विमान पद्धतीत ती नेमकी साठवता येत नाही आणि साठवलेली किंमत २.६७५ पेक्षा किंचित कमी असते. शिवाय प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांकित करून छापली आणि बेरीज मात्र मूळ अपूर्णांकांची घेतली, तर रकान्याखालची बेरीज रकान्याशी जुळत नाही. मी प्रत्येक ओळीची रक्कम एकदाच पूर्णांकित करून सर्वांत लहान एककात पूर्ण संख्या म्हणून ठेवू लागले आणि सगळ्या बेरजा त्यांच्याच केल्या. दशांशचिन्ह छापतेवेळी घातले.

उपबेरजांचा भाग मला आधी सोपा वाटला होता. डेटा विभागानुसार लावून घ्यायचा, विभाग बदलला की आधीच्या विभागाची उपबेरीज छापायची आणि गणक शून्य करायचा. कोबॉल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा शिकलेले लोक याला ‘कंट्रोल ब्रेक’ म्हणतात. माझ्या पहिल्या आवृत्तीत शेवटच्या विभागाची उपबेरीज आलीच नाही, कारण त्याच्यानंतर विभाग बदलण्याची घटना घडतच नाही, फाइल संपते. ही चूक इतकी जुनी आहे की आयबीएमच्या आरपीजी या भाषेत, जिच्या नावाचाच अर्थ अहवालाचा प्रोग्रॅम तयार करणारी असा होतो, बेरजांच्या पातळ्यांसाठी एल१ ते एल९ अशा खुणा आणि शेवटच्या नोंदीसाठी एलआर ही वेगळी खूण दिलेली आहे. दुसरी गफलत डेटातली होती. काही नोंदींत विभागाच्या संकेताच्या शेवटी मोकळी जागा चिकटलेली होती, त्यामुळे एकाच विभागाचे दोन गट पडले, दोघांची शीर्षके डोळ्यांना तंतोतंत सारखी. छापलेल्या कागदावर मोकळी जागा दिसत नाही. ती शोधायला मला अर्धा दिवस लागला.

पानांचे गणित हे या सगळ्या कामातले सर्वांत किचकट प्रकरण ठरले. पर्ल पानाची लांबी $= मध्ये, पानावर उरलेल्या ओळी $- मध्ये आणि पानाचा क्रमांक $% मध्ये ठेवते. लांबी सांगितली नाही तर ती ६० ओळी धरली जाते. ११ इंच उंचीच्या कागदावर इंचाला सहा ओळींप्रमाणे ६६ ओळी बसतात, म्हणजे सहा ओळींची मोकळीक उरते. ‘राइट’ ही आज्ञा दिली की ओळ छापली जाते, $- तेवढे कमी होते, आणि पुढची नोंद मावणार नसेल तर पान बदलून वरची शीर्षके आपोआप छापली जातात. मी नोंदींसाठी राइट वापरले; उपबेरजेच्या दोन ओळी, एक आडवी रेघ आणि एक बेरीज, मात्र साध्या प्रिंटने छापल्या, कारण त्यांच्यासाठी वेगळा फॉरमॅट लिहिण्याचा कंटाळा आला. चाचणीच्या लहान फाइलीवर सगळे सुरेख दिसले. खऱ्या छपाईत दर काही पानांनंतर एक पान असे निघू लागले की त्यावर वरच्या बाजूला दोनच ओळी आणि बाकी कोरे. प्रिंटरवर संशय घेऊन झाला, कागद बदलून झाला. कारण शेवटी असे निघाले, की प्रिंटने छापलेल्या ओळी $- मध्ये मोजल्या जात नाहीत. ज्या पानावर चार विभाग संपत होते, तिथे आठ ओळी पर्लच्या हिशोबाबाहेर छापल्या जात; ६० चे ६८ होत, दोन ओळी पुढच्या कागदावर उतरत आणि तेवढ्यात पान बदलण्याचा संकेत येई. उपबेरजेचाही फॉरमॅट केला आणि $~ बदलून राइटनेच छापली, तेव्हा कोरी पाने गेली.

त्यानंतरही पाने वाचायला नीट नव्हती. विभागाचे शीर्षक पानाच्या तळाशी एकटे उरे आणि त्याच्या नोंदी पुढच्या पानावर जात. त्यासाठी शीर्षक छापण्याआधी $- पाहायचे आणि ते पाचापेक्षा कमी असेल तर ० करायचे, म्हणजे पुढचे राइट नवीन पानावरच होते. उलटा प्रकार जास्त त्रासदायक होता : नोंदी एका पानावर संपतात आणि उपबेरीज पुढच्या पानावर एकटी येते, कशाची ते न कळणारी. ते टाळायचे तर हातातली नोंद विभागातली शेवटची आहे का, हे ती छापण्याआधी कळायला हवे, आणि ते पुढची नोंद वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी लूपची रचना बदलून नेहमी एक नोंद पुढची वाचून ठेवू लागले. या बदलामुळे शेवटच्या विभागाची हरवणारी उपबेरीजही वेगळ्या सोयीविना जागेवर आली; पुढची नोंद नसणे हे विभाग संपण्याचेच एक रूप झाले. तळटीपेसाठी पर्लमध्ये स्वयंचलित सोय नाही, तीही $- पाहून स्वतःच छापावी लागते.

‘१२ पैकी पान ३’ असे हवे आहे, ही मागणी शेवटच्या टप्प्यात आली. फॉरमॅटला चालू पान ठाऊक असते, एकूण पाने नाहीत. मी पूर्ण अहवाल दोनदा चालवायचे ठरवले : पहिल्या फेरीतले सगळे टाकून द्यायचे, फक्त शेवटचे $% लक्षात ठेवायचे आणि दुसऱ्या फेरीत ते शीर्षकात छापायचे. दुसऱ्या फेरीत सगळी वर्णने गायब झाली आणि एकूण पानेही जुळेनात. ^ चे फील्ड मजकूर छापता छापता मूळ चलातूनच खाऊन टाकते. पहिल्या फेरीने माझ्या सगळ्या नोंदींची वर्णने फस्त केली होती. हे मला माहीत होते, मी ते वाचलेही होते, आणि तरीही छापण्याआधी प्रत घेणे मला सुचले नव्हते.

अहवाल वर्षभर बिनतक्रार चालला. मग भागांची वर्णने देवनागरीतही येऊ लागली आणि या पद्धतीची हद्द कळली. यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेला मजकूर उलगडून घेतला नाही, तर पर्ल अक्षरे न मोजता बाइट, म्हणजे साठवणीची एकके, मोजते. ‘विभाग’ हा शब्द १५ बाइटांचा होतो. १० चौकटींच्या फील्डात त्याचे तीन वर्ण आणि चौथ्याचा एक तृतीयांश तुकडा येतो, आणि तो तुकडा कागदावर कचरा म्हणून उमटतो. उलगडून घेतल्यावर मोजणी ५ वर येते, कारण व, वेलांटी, भ, काना आणि ग हे पाच वेगवेगळे संकेत आहेत. वाचणाऱ्याला दिसतात ती तीनच अक्षरे. फील्ड पाच चौकटी भरल्या असे समजून उरलेल्या पाच मोकळ्या सोडते आणि पुढचे सगळे रकाने डावीकडे सरकतात. पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत, पूर्ण अक्षर ओळखण्याची सोय आहे. तिच्या साहाय्याने मोजून मी रिकाम्या जागा स्वतः भरल्या. पण देवनागरीतली ‘क्षि’ आणि ‘ग’ ही अक्षरे एकाच रुंदीची नसतात, आणि त्यांना समान चौकटीत बसवणारा माझ्या कामापुरता समाधानकारक मार्ग मला मिळाला नाही. एक चौकट, एक अक्षर हे गृहीतकच तिथे संपते. पेन्सिलीच्या रेघा पुन्हा दिसू लागण्याआधी मी तो अहवाल एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत तयार करून पीडीएफ काढण्याकडे वळवला.

तिथे रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात, तक्त्याचे शीर्षक प्रत्येक पानावर आपोआप पुन्हा येते, ओळ पानाच्या सीमेवर मधोमध तुटू नये असे सांगता येते आणि अंक समान रुंदीचे वापरायला सांगितले की रकमा एकाखाली एक बसतात. बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या. आठवड्याभरात पहिली तक्रार आली ती मात्र ओळखीची होती. मी रकान्यांची रुंदी पक्की केली होती आणि रकान्याबाहेर जाणारा मजकूर लपवायला सांगितले होते. एका रकमेचे शेवटचे दोन अंक लपले होते. गट पाडणारे जुने फंक्शन मी तसेच आणले होते, पण ते अक्षरे मोजत होते आणि इथे मोजायचे होते मिलिमीटर. आता रकमेच्या रकान्याला लपवण्याचा नियम नाही. रक्कम मोठी झाली तर ती शेजारच्या शेऱ्यावर चढते, दिसायला वाईट दिसते, आणि त्याच दिवशी फोन येतो.

या सगळ्या काळात प्रोग्रॅमशेजारी एक चाचणीची फाइल तयार होत गेली. तिच्यात साध्या नोंदी नाहीत. सर्वांत लांब वर्णन, एकही मोकळी जागा नसलेले वर्णन, ऋण नग, मूल्य नसलेले नग, फक्त एकाच नोंदीचा विभाग, संकेताच्या शेवटी मोकळी जागा असलेला विभाग, रकान्यात न मावणारी रक्कम, जोडाक्षरांनी भरलेला शेरा, एवढ्याच ओळी. मांडणीत काहीही बदलले की मी आधी ती छापते. गेल्या आठवड्यात तिच्यात एक नवा विभाग घातला : त्याच्या नोंदी पानाच्या शेवटच्या ओळीवर नेमक्या संपतात, ना एक कमी, ना एक जास्त, आणि एकूण बेरजेसाठी फक्त शीर्षके असलेले एक कोरे पान निघते. ते अजून दुरुस्त व्हायचे आहे.